अमर अय्यारची जंबील

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तली एक नोंद आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते. वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना तो मेहकर सरकारातल्या लोणारपाशी थांबतो. (सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा.) इथल्या डोंगरात काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो, सोऱ्यातून खजिन्यात भर पडते, आणि ब्राह्मण या जागेला बिशनगया म्हणतात, असं तो लिहितो. लोणारवर कुणीही लेख लिहो, ही नोंद त्यात येतेच.

त्याच ग्रंथात, चित्रशाळेविषयीच्या प्रकरणात, आणखी एक नोंद आहे. तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. अमीर हमजाची गोष्ट बारा खंडांत तयार झाली आणि तिच्यातल्या १४०० प्रसंगांची थक्क करणारी चित्रं चित्रकारांनी काढली, असं अबुल फजल सांगतो. चित्रामागून चित्र, प्रत्येक चित्राला मजकूर, एक शूर नायक, त्याचा एक इरसाल मित्र, देव, पऱ्या, जादूगार आणि पोट धरून हसायला लावणारे घोटाळे. आजच्या एखाद्या मुलाला हे वर्णन ऐकवलं तर तो म्हणेल, ही तर कॉमिक झाली. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर बोटं घासलेला कुणी असेल तर म्हणेल, हा तर ॲडव्हेंचर गेम.

मला या दुसऱ्या उत्तराबद्दल लिहायचं आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत कॉम्प्युटरवर विनोदी साहसकथांच्या खेळांचा एक प्रकार जोरात होता. कॉमिकसारखी चित्रं, चित्रात हिंडणारा एक धांदरट नायक, डोक्यावर उमटणारे संवाद. त्यात बंदुकीने काही साधत नसे. दिसेल ती वस्तू उचलून झोळीत टाकायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि शक्कल लढवून पुढचं दार उघडायचं. या खेळांचं श्रेय अमेरिकेतल्या कंपन्यांना आहे आणि ते रास्तच आहे. पण या खेळाचा जो स्वभाव आहे, तो आपल्या पणजोबांना अगदी ओळखीचा वाटला असता.

चित्रांची गोष्ट, गोष्टीची चित्रं

हमजानाम्याचं काम १५६२ च्या सुमारास सुरू झालं आणि जवळपास पंधरा वर्षं चाललं. अकबर तेव्हा विशीच्या घरात होता. आधी मीर सय्यद अली आणि नंतर ख्वाजा अब्दुस्समद, हे हुमायूनच्या काळात इराणहून आलेले दोन उस्ताद, या कामावर देखरेख करत होते. त्यांच्या हाताखाली इथलेच अनेक चित्रकार होते. चित्रं सुती कापडावर, दोन फुटांहून उंच. चित्राच्या मागे गोष्टीचा मजकूर. चित्र बादशहापुढे धरायचं आणि गोष्ट वाचून किंवा सांगून दाखवायची, असा त्यांचा उपयोग असावा असं अभ्यासक मानतात.

हा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांची पोथी पुढ्यात घेऊन, एकेक पान उलटत रामायण-महाभारताच्या कथा गात आले. एकाचा श्रोता बादशहा, दुसऱ्याचा देवळापुढे जमलेला गाव. हात तोच.

हमजानाम्याच्या १४०० चित्रांपैकी दोनशेही आज उरलेली नाहीत. साठ एकट्या व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. लंडनच्या संग्रहालयासाठी १८८१ मध्ये श्रीनगरमध्ये काही विकत घेतली गेली, तेव्हा त्यातली काही थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली होती. ज्या बादशाही चित्रांनी हिंदुस्थानी लघुचित्रकलेला वळण दिलं, त्यांच्यावर तावदानाची पाळी आली. यात कुणा इंग्रजाचा दोष नाही. ती खिडकी आपलीच होती.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण वाचकांपैकी काहींच्या मनात तो प्रश्न येणारच. हजरत हमजा (रजि.) हे पैगंबर साहेबांचे (स.) चुलते आणि उहुदच्या लढाईतले शहीद. दास्तानीतला अमीर हमजा नावापुरता त्यांच्यावरून घेतलेला आहे. तो नौशेरवान बादशहाच्या मुलीवर प्रेम करतो आणि काफ पर्वतापलीकडे देवांशी अठरा वर्षं लढत बसतो. हा इतिहास नव्हे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही. उलेमांनी वेळोवेळी नाकं मुरडली, पण रात्री कंदील लागला की माणसं गोष्ट ऐकायला बसतच राहिली.

आणि ती हमजासाठी बसत नव्हती. ती बसत होती अमर अय्यारसाठी.

अमर (उर्दूत उमरो) हा हमजाचा लहानपणापासूनचा जिगरी दोस्त. हमजा जितका सरळ आणि भारदस्त, तितका हा उलट्या काळजाचा. चिक्कू, चपळ, खोडकर, वेश पालटण्यात एक नंबर. 'अय्यार' हा शब्द बगदादच्या इतिहासात शहरातल्या दांडगट टोळ्यांसाठी येतो. दास्तानीत येईपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला. आपल्याकडचा बहुरूपी, शिवकालातला हेर आणि बिरबल या तिघांना एका अंगरख्यात कोंबलं की अय्यार तयार होतो. हमजानाम्याच्या एका चित्रात अमर मजमहिल नावाच्या शल्यवैद्याचा वेश घेऊन शत्रूच्या जादूगारांवर उपचार करतोय. म्हणजे भोंदू डॉक्टर बनून त्यांचे हाल करतोय. चारशे साडेचारशे वर्षांपूर्वीचं बादशाही खर्चाने काढलेलं चित्र, आणि विषय काय, तर झोलाछाप डॉक्टर!

अमरकडे एक चादर असते, पांघरली की तो दिसेनासा होतो. एक जाळं असतं, त्यात काहीही गुंडाळता येतं. आणि असते जंबील. जंबील म्हणजे झोळी. या झोळीला तळ नाही. तिच्यात शत्रूचा खजिना जातो, हत्ती-घोडे जातात, बेशुद्ध केलेला अख्खा सरदार जातो, आत शहरंच्या शहरं वसलेली असतात. हवी ती वस्तू हव्या त्या वेळी बाहेर निघते. गोष्ट कुठे अडली की श्रोत्यांना माहीत असतं, आता अमरचा हात जंबीलकडे जाणार.

दास्तानीतली आणखी एक जागा इथे सांगायलाच हवी. ती म्हणजे तिलिस्म. जादूगाराने बांधलेली एक बंद दुनिया. तिचे स्वतःचे नियम असतात. चुकीच्या दारातून गेलात, चुकीचं फळ खाल्लंत की अडकलात. ती फोडायची तर हाती 'लौह' लागावी लागते. लौह म्हणजे पाटी. तिच्यावर पुढची पायरी उमटते, तीही एका वेळी एकच. लौह न बघता जो घाई करतो तो फसतो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून पुढच्या तीसेक वर्षांत हमजाच्या दास्तानीचे ४६ खंड छापले. त्यातला सगळ्यात लोकप्रिय भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' याच अय्यारी-तिलिस्माच्या मातीतून उगवली आणि तिने हिंदीला वाचक मिळवून दिला. टीव्हीवरची 'चंद्रकांता' आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दक्खनही मागे नव्हतं. विजापूरला मुहम्मद आदिलशहाची बेगम खदिजा सुलताना हिच्या सांगण्यावरून रुस्तमीने १६४९ मध्ये 'खावरनामा' दक्खनीत उतरवला. हजरत अलींच्या नावाने रचलेल्या काल्पनिक साहसांचं हे प्रचंड मोठं काव्य आहे. दक्खनी भाषेचा इतिहास आपण सूफींपासून सुरू करतो आणि सूफींपाशीच संपवतो. तिच्यात देव, अजगर आणि जादूचे किल्लेही होते, हे विसरतो.

रबरी कोंबडी आणि तलवारीचे सवाल-जवाब

आता अमेरिकेकडे वळू. विल क्राउदर हा कॉम्प्युटर प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा हौशी माणूस होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहाव्यवस्थेची त्याने प्रत्यक्ष मोजणी केली होती. १९७६ च्या सुमारास त्याने ती गुहा शब्दांत कॉम्प्युटरवर उभी केली. खेळणाऱ्याने टाइप करायचं, 'उत्तरेला जा', 'दिवा घे', आणि कॉम्प्युटर पुढचं वर्णन दाखवायचा. डॉन वूड्सने १९७७ मध्ये त्यात भर घातली. हा 'ॲडव्हेंचर'. या सगळ्या प्रकाराला नावच त्याच्यावरून पडलं. पुढे चित्रं आली. १९८४ मध्ये सिएरा कंपनीचा 'किंग्ज क्वेस्ट' आला, १९८७ मध्ये लुकासफिल्मचा 'मेनियाक मॅन्शन'. त्यात टाइप करायचीही गरज उरली नाही; पडद्याच्या तळाला क्रियापदं लिहिलेली, उघड, उचल, ढकल, दे. माऊसने क्रियापद निवडायचं, मग वस्तू. १९९३ चा 'सॅम अँड मॅक्स' तर सरळ स्टीव्ह पर्सेलच्या कॉमिकवरून केलेला. कोट घातलेला कुत्रा आणि एक माथेफिरू ससा, दोघे मिळून गुन्ह्यांचा तपास करतात.

पण या घराण्याचा राजा म्हणजे १९९० चा 'मंकी आयलंड'. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या साथीदारांनी केलेला. गायब्रश थ्रीपवुड नावाच्या पोराला समुद्री चाचा व्हायचंय. त्याच्या अंगात ना ताकद, ना अक्कल. एकच गुण, तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. त्याच्या झोळीत काय नसतं! मध्ये कप्पी बसवलेली एक रबरी कोंबडी असते आणि ती तारेला अडकवून तो दरी ओलांडतो. दुसऱ्या भागात तर तो जिवंत कुत्रा उचलून कोटात घालतो. खेळणाऱ्याला याचं काही वाटत नाही. अमरच्या जंबीलमध्ये हत्ती गेला तेव्हा ऐकणाऱ्याला तरी कुठे वाटलं होतं?

गिल्बर्टने हमजाची दास्तान वाचून हे केलं, असा माझा दावा नाही. वारसा असा सरळ रेषेत येत नाही. सांगायचं एवढंच की ज्या गोष्टीत शरीरबळापेक्षा हिकमत मोठी असते, तिथे झोळी येतेच, सोंग येतं आणि हाजिरजबाबीपणा येतो.

हाजिरजबाबीपणावरून आठवलं. 'मंकी आयलंड'मधली तलवारबाजी जगभर गाजली ती वेगळ्याच कारणाने. तिथे हात चालवून जिंकता येत नाही. समोरचा चाचा एक टोमणा मारतो, तुम्हाला त्याला चपखल उत्तर द्यायचं असतं. उत्तर बसलं की प्रतिस्पर्धी एक पाऊल मागे. वाटेवरच्या फुटकळ चाच्यांशी भांडून टोमणे आणि उत्तरं जमवायची, आणि मग तलवारीच्या उस्तादबाईसमोर उभं राहायचं. ती नवेच टोमणे मारते. जुन्याच उत्तरांतलं कोणतं तिथे फिट बसतं, हे तुम्ही ओळखायचं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगायला दोन शब्द पुरतात: सवाल-जवाब. कलगी-तुऱ्याच्या फडात हेच चालायचं. परंपरा सांगते की तुऱ्याचा मूळपुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचा शाह अली फकीर. एक शिवाचा पक्ष घेणारा, दुसरा शक्तीचा, आणि शक्तीचा पक्ष घेणारा मुसलमान फकीर! उत्तर पेशवाईतले जेजुरीचे शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या मुसलमान घरातले. होनाजी बाळांच्या फडाशी त्यांची चुरस होती. धार लावायचा धंदा हत्यारावरून जिभेवर आला, असं म्हणायचा मोह होतो, आणि सगनभाऊंच्या बाबतीत तो आवरायचं कारण नाही. 'मंकी आयलंड' त्यांना खेळायला दिला असता तर उस्तादबाईची खैर नव्हती.

जाफर वाईट कसा झाला

आमच्या भागात मात्र 'मंकी आयलंड' पोचला नाही. पोचला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास निघाले. शटरच्या दुकानात चार मशीन, चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, आणि आत डॉस, वर्डस्टार. मेहकरला असो, खामगावला असो की मलकापूरला, चित्र सारखंच. सर बाहेर गेले की कुणीतरी खिशातून फ्लॉपी काढायचा. एकीत 'डेव्ह', दुसरीत 'प्रिन्स'. पांढऱ्या कपड्यातला पोरगा तळघरात टाकलेला, हातात तलवार नाही, आणि राजकन्येला वाचवायला फक्त ६० मिनिटं. जाफर नावाचा वजीर वर राज्य बळकावून बसलेला. क्लासमध्ये आम्ही दोन-तीन मुसलमान पोरं होतो. पडद्यावरच्या पोराने पायजमा घातलाय, कमानींना आपल्या मशिदीसारखी महिरप आहे आणि तोच हिरो आहे, याची मजा आम्हाला जरा जास्त वाटायची. बोललं कुणी नाही.

या खेळाचा जनक जॉर्डन मेकनर. त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्या हालचाली एकेक चौकट करून राजपुत्राला दिल्या. १९८९ मध्ये खेळ बाजारात आला. त्याच्यामागे 'अरेबियन नाइट्स' होती आणि 'द थीफ ऑफ बगदाद' हा १९४० चा चित्रपट. दुष्ट वजीर जाफर या चित्रपटातून आला आणि पुढे डिस्नेच्या 'अलादीन'मध्येही तोच बसला.

खरा जाफर कोण होता? जाफर बरमकी, खलिफा हारून अल रशीदचा वजीर आणि सोबती. 'अरेबियन नाइट्स'मध्ये तो रात्री वेश पालटून हिंडणाऱ्या खलिफाबरोबर असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या लहरींपायी जीव मुठीत धरून असतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्या ज्यांनी वाचल्या त्यांना हा जाफर माहीत आहे. प्रत्यक्षात ८०३ साली खलिफाने त्याला ठार करवलं आणि त्याचं घराणं धुळीला मिळवलं. हे बरमकी मूळचे बल्खचे. तिथल्या नवविहार या बौद्ध मठाचे प्रमुख त्यांचे पूर्वज. बगदादला आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी वैद्य बोलावले, संस्कृत वैद्यकाचे ग्रंथ अरबीत करून घेतले. सुश्रुत अरबीत गेला तो याच घराण्याच्या आश्रयाने. अशा घरातला, स्वतःच्या मालकाकडून मारला गेलेला माणूस. सिनेमाने त्याला खलनायक केला, गेमने तो तसाच उचलला, आणि आम्ही खामगाव-मेहकरच्या पोरांनी त्याला हजारदा तलवारीने भोसकलं.

याच चित्रपटात आणखी एक माणूस आहे. अबू नावाचा चोरटा पोरगा, राजाला वाचवणारा, जिनीला बाटलीत परत घालणारा, सगळ्या चित्रपटाचा खरा नायक. ते काम केलं म्हैसूरकडच्या माहुताच्या पोराने, साबूने. हिंदुस्थानी मुसलमान. म्हणजे सिनेमाला अमर अय्यार सापडला होता, आणि तो म्हैसूरच्या हत्तीखान्यातून आला होता. गेमने मात्र जाफर घेतला आणि अबूला सोडून दिलं. विनोद गेला, तलवार राहिली.

तरीही त्या खेळाच्या शेवटाकडची एक जागा मला अजून विलक्षण वाटते. राजपुत्रासमोर त्याचीच सावली तलवार उपसून उभी राहते. तिला मारावं तर रक्त आपलंच कमी होतं. आम्ही किती दिवस मरत होतो त्या जागी! शेवटी कळलं, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या दिशेने चालत जायचं. ती आपल्यात मिसळते. हे कुणाला कसं कळलं, ठाऊक नाही, पण एका गावात कळलं की आठवड्याभरात जिल्ह्यात पसरायचं. तसंच 'प्रिन्स मेगाहिट'. खेळ सुरू करताना हे दोन शब्द टाइप केले की पायऱ्या गाळून पुढे जाता यायचं. वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले ते दोन शब्द म्हणजे आमची लौह होती.

झोळीतून निशाण्यावर

सायबर कॅफे आले आणि खेळ बदलले. २००२ चा 'कॉन्फ्लिक्ट: डेझर्ट स्टॉर्म' इराकमधला. २००३ चा 'डेल्टा फोर्स: ब्लॅक हॉक डाउन' सोमालियातला. २००७ चा चौथा 'कॉल ऑफ ड्यूटी' मध्यपूर्वेतल्या एका बिननावाच्या देशातला. कमानी त्याच, मिनारही तेच, फक्त आता आपण बंदुकीच्या दस्त्यामागे आणि महिरपीखालून जो धावत येतो तो निशाणा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले अभ्यासक व्हिट शिसलर यांनी २००८ मध्ये या खेळांवर एक लेख लिहिला, 'डिजिटल अरब' असं त्याचं नाव. युद्धाच्या खेळांत अरब आणि मुसलमान माणसं बहुतेक वेळा शत्रू म्हणून येतात, त्यांना नाव नसतं, चेहरे एकसारखे असतात, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यांनी अरब जगातल्या लोकांनी केलेले खेळही तपासले आहेत. तिथे बाजू उलटते, बंदूक मात्र हातातून सुटत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं की या खेळांतला मुसलमान कधी हसत नाही. तो ओरडतो किंवा मरतो. चारशे वर्षं ज्याच्या नावावर हशा पिकत होता तो अय्यार इथे कुठेच नाही. आणि हे सगळं बाहेरच्यांनीच केलं असंही नाही. आपणच दास्तानी गुंडाळून ठेवल्या. सुधारणेच्या काळात त्या फालतू ठरल्या, नंतरच्या काळात गैरइस्लामी. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि ती कला २००५ पर्यंत जवळपास मुकी होती. शम्सुर रहमान फारुकींनी आयुष्याची कितीतरी वर्षं हे ४६ खंड गोळा करण्यात घातली, म्हणून ती परत उभी राहिली. आपल्या घरात हसणारी गोष्ट शिल्लक नसेल तर शेजाऱ्याने आपल्याला हसताना कुठे बघायचं?

माझा भाचा मोबाइलवर गटाने खेळायचा एक गेम खेळतो. कानाला हेडफोन, समोर अनोळखी पोरं. त्याचं पडद्यावरचं नाव आहे 'राज'. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मामू, असली नाम रखा तो पोरं खेळायच्या आधीच चालू होतात." काय चालू होतात, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बारा वर्षांच्या पोराने वेश पालटलाय. अमरही पालटायचा, पण तो शत्रूच्या तंबूत शिरायला. भाच्याला आपल्याच संघात शिरायला पालटावा लागतो.

कॉमिकच्या दुनियेत आपल्यातला एक जण फार आधी शिरला होता. आबिद सुरती. गुजरातेत जन्मलेले, मुंबईच्या डोंगरीत वाढलेले. 'धर्मयुग'मधले त्यांचे 'डब्बूजी' वर्षानुवर्षं लोक मागच्या पानावरून वाचायला सुरुवात करत. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये १९६४ पासून वेताळ आणि मँड्रेक यांचं राज्य होतं, ही कॉमिक्स मराठीतही येत. १९७६ मध्ये सुरतींनी तिथे 'बहादूर' आणला. डाकूचा मुलगा, जो गावांना डाकूंपासून वाचवायला उभा राहतो. केशरी कुडता आणि जीन्स. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. इंद्रजालमधला पहिला महत्त्वाचा देशी नायक एका मुसलमान चित्रकार-लेखकाच्या डोक्यातून आला, हे मी एकदा कॉलेजातल्या पोरांना सांगितलं, तर त्यांना तो विनोद वाटला.

गेम आता आपल्याकडेही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, देवी-देवतांच्या गोष्टी, बाहुल्यांच्या खेळासारखे प्रसंग. जगभर त्याची दखल घेतली गेली. म्हणजे इथली गोष्ट, इथलं चित्र घेऊन खेळ होऊ शकतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा २०२४ चा नवा भाग तर फारसी आवाजातही आला. पाकिस्तानात त्याच वर्षी उमरो अय्यारवर सिनेमा निघाला, पण त्यातही मारामारीच फार. झोळी घेऊन हसत हिंडणारा अय्यार अजून कुणाला खेळवायचा सुचलेला नाही.

जागा शोधायला लांब जायला नको. क्राउदरने आपल्या पायाखालची गुहा घेतली. आमच्या पायाखाली लोणार आहे. पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं पाणी, काठावर आणि पोटात देवळं. मोठ्या मारुतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते असं सांगतात. २०२० च्या जूनमध्ये तर सगळं पाणीच गुलाबी झालं होतं. आणि लोणासुराची कथा बघा. दैत्य जमिनीखाली झाकण लावून दडलेला. विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेतो, दैत्याच्या बहिणींकडून लपण्याची जागा काढून घेतो, मग पायाच्या अंगठ्याने झाकण उडवतो. वेश पालटणं, बोलून माहिती काढणं आणि शेवटी योग्य जागी एक धक्का. युद्ध त्यात अगदी शेवटी येतं, तेही दैत्य झोपेत असताना. दैत्यसूदनाच्या देवळात पुजारीबुवा ही कथा सांगत होते, तेव्हा मला सारखी जंबील दिसत होती. तिथून सैलानी बाबांचा दर्गाही जिल्ह्यातच. सैलानी म्हणजे हिंडणारा. पात्राला नाव शोधायचीसुद्धा गरज नाही.

भाच्याने चौकटीच्या वहीत नकाशा काढायला घेतलाय. तळ्याभोवती बारा चौकटी, प्रत्येकीत एक माणूस आणि एक वस्तू. दारावरचा पहिला माणूस कर नोंदवणारा मुगल कारकून आहे, तो काही केल्या आत सोडत नाही. त्याला काय द्यायचं, यावर दोन रविवार गेले. भाचा म्हणतो लाच. मी म्हणालो, अबुल फजलने लिहून ठेवलंय, इथला साबण दे आणि सांग, आधी हात धुऊन ये.